घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅकअप ड्राइव्ह: कोणता घ्यायचा, कसा सेट करायचा आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हा-पावसात कसा जपायचा

फोनचं स्टोरेज भरलं की आपण काय करतो? केबल लावतो, सगळे फोटो-व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर टाकतो आणि फोनमधून डिलीट करतो. फोन मोकळा झाला, फोटो कॉम्प्युटरवर सेफ आहेत, असं वाटतं. पण त्या क्षणापासून तुमच्या फोटोंची जगात एकच प्रत उरलेली असते. ती ज्या हार्ड डिस्कवर आहे, ती कदाचित पाच-सहा वर्षं जुनी असते. म्हणजे फोटो फोनमध्ये होते तेव्हा जेवढे धोक्यात होते, तेवढेच आताही आहेत. फक्त जागा बदलली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि घर चंद्रपूरला. सुट्टीत घरी गेलो की नातेवाईक आणि मित्रांचे कॉम्प्युटर बघायला बोलावणं येतंच. "पीसी चालू होत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा सुटते. "पीसी चालू होत नाही आणि सगळं त्यातच आहे" ही मात्र दर वेळी सुटत नाही. त्यामुळे बॅकअप ड्राइव्ह विकत घेण्यापासून तो वर्षानुवर्षं चालवण्यापर्यंतची माहिती या लेखात एकत्र देतो. उदाहरणं आपल्याच भागातली घेतली आहेत, कारण इथलं ऊन, इथली लाईन आणि इथला पाऊस यांमुळे काही नियम बदलतात.

बॅकअप म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर बॅकअप म्हणजे त्याच फाइलची दुसरी, स्वतंत्र प्रत. यातला "स्वतंत्र" हा शब्द महत्त्वाचा. खालच्या तीन गोष्टींना लोक बॅकअप म्हणतात, पण तो बॅकअप नाही.

१. सी ड्राइव्हमधले फोटो डी ड्राइव्हमध्ये कॉपी करणं. बऱ्याच घरांत सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

२. फोटो पेनड्राइव्हमध्ये "हलवणं". कट-पेस्ट केलं की प्रत एकच राहते.

३. फक्त सिंक चालू असणं. गुगल फोटोजमध्ये सिंक झालेला फोटो फोनमधल्या त्या अ‍ॅपमधून डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस राहतो, त्यानंतर कायमचा जातो. सिंक तुमची चूकही इमानदारीने सगळीकडे पोचवतं.

या क्षेत्रात एक नियम जगभर वापरला जातो: ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. हे सूत्र लोकप्रिय केलं पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने, डिजिटल फोटो सांभाळण्यावरच्या त्याच्या पुस्तकातून. बँकांसाठी किंवा मोठ्या कंपन्यांसाठी नव्हे, तर भरपूर फोटो काढणाऱ्या माणसांसाठी हे सूत्र मांडलं गेलं. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठीच.

आपल्या भागात धोका कुठून येतो?

हार्ड डिस्क कुठेही बिघडते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखो हार्ड डिस्कचे आकडे जाहीर करते. २०२४ मध्ये त्यांच्या साधारण १.५७ टक्के डिस्क बंद पडल्या. ऐकायला कमी वाटतं, पण त्या डिस्क एसी खोलीत, सतत स्थिर वीज मिळत असताना चालतात. आपल्या घरात तसं नसतं.

ऊन: मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांच्या वर जातो. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात मात्र वापरताना आजूबाजूचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं अनेकदा लिहिलेलं असतं. टिनाच्या छपराखालची दुपारची खोली या मर्यादेच्या कितीतरी बाहेर असते.

लाईन: उन्हाळ्यातलं वादळ आणि पावसाळ्यातल्या विजा यांमुळे लाईन जाते आणि येताना व्होल्टेज वर-खाली होतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि त्याच वेळी फाइल लिहिली जात असेल, तर फाइल अर्धवट राहते. कधी पूर्ण ड्राइव्हची यादीच बिघडते.

पाणी: २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणातून पाणी सोडल्यावर वैनगंगेचं पाणी ब्रह्मपुरी आणि वडसा भागातल्या गावांत शिरलं होतं. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धा आणि इरईच्या पुराने चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्यांत घरं पाण्यात होती. तिकडे भामरागडला तर पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्क तुटणं हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. पुरात माणूस आधी म्हातारी माणसं, लेकरं, गुरं आणि धान्य हलवतो. कॉम्प्युटरचा सीपीयू कुणी डोक्यावर घेऊन निघत नाही. पण तळहाताएवढा ड्राइव्ह कागदपत्रांच्या पिशवीत सहज जातो.

क्लाउड पुरेसा नाही का?

क्लाउड चांगलाच आहे, पण आकडे बघा. गुगल खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे. फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जातो.

आता समजा घरच्या कॉम्प्युटरवर २०० जीबी डेटा आहे.

- रोज १.५ जीबीचा मोबाइल पॅक पूर्णपणे फक्त यासाठी वापरला, तरी १३३ दिवस लागतील.
- अपलोडचा वेग २ एमबीपीएस असेल, तर न थांबता साधारण ९ दिवस लागतील.
- वेग १० एमबीपीएस असेल, तर साधारण ४४ तास.
- यूएसबी ३.० ची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते. मोठ्या फाइल असतील तर साधारण ३५ मिनिटं. हजारो लहान फोटो असतील तर दोन-तीन तास धरा.

हे झालं वर चढवण्याचं. कॉम्प्युटर बिघडल्यावर तेवढंच सगळं परत खाली उतरवायचं आहे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा भागातल्या नेटवर्कवर हे करून बघा, म्हणजे ड्राइव्हची किंमत कळेल. माझा सल्ला असा: अतिमहत्त्वाच्या थोड्या फाइल क्लाउडवर आणि सगळंच्या सगळं ड्राइव्हवर.

किती मोठा ड्राइव्ह घ्यायचा?

आधी मोजा. विंडोजमध्ये फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप या फोल्डरांवर राइट क्लिक करून "प्रॉपर्टीज" बघा आणि बेरीज करा. त्यात फोनमधला डेटा मिळवा. आलेल्या आकड्याच्या तिप्पट ड्राइव्ह घ्या. बॅकअपमध्ये फाइलच्या जुन्या आवृत्त्याही राहतात आणि पुढच्या दोन-तीन वर्षांची भरही पडते. ३०० जीबी डेटा असेल तर १ टीबी बरोबर. फोरके व्हिडिओ काढत असाल तर २ टीबी घ्या, कारण असा एका मिनिटाचा व्हिडिओच साधारण ३०० ते ४०० एमबी खातो.

एक गोष्ट लक्षात ठेवा: १ टीबीचा ड्राइव्ह जोडल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १ टीबी म्हणजे १,००० जीबी मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, एवढाच फरक.

हार्ड डिस्क की एसएसडी?

हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावरून अगदी बारीक अंतर ठेवून वाचणारा हेड सरकतो. त्यामुळे चालू असताना पडली तर संपली. पण तेवढ्याच पैशांत जागा जास्त मिळते, आणि बिघडण्याआधी बऱ्याचदा ती इशारा देते: आवाज करते, अडकत अडकत चालते.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. ती वेगवान, लहान आणि धक्के सहन करणारी असते. पण महाग पडते आणि बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा काही न सांगता पडते. शिवाय ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि तो हळूहळू गळतो. उष्णता जास्त असेल तर लवकर. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने बंद अवस्थेत ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा धरून ठेवावा, असं जेडेक या संस्थेचं मानक सांगतं. नवी एसएसडी यापेक्षा खूप जास्त टिकते, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद कपाटातही ३० अंश राहत नाहीत, हे ध्यानात घ्या. दर तीन-चार महिन्यांनी ती जोडून थोडा वेळ चालू ठेवा.

थोडक्यात: घरात एका जागी ठेवायचा बॅकअप असेल तर २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क. एसटीने, बाइकवरून नेहमी सोबत न्यायचा असेल तर एसएसडी. ३.५ इंची मोठी डेस्कटॉप ड्राइव्ह टाळा. तिला वेगळा अडॅप्टर लागतो आणि लाईन गेली की ती त्याच क्षणी बंद होते. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, पण एकमेव बॅकअप म्हणून नको.

विकत घेताना काय बघायचं?

१. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. दुसऱ्या कुठल्याही नावाने पोर्टेबल हार्ड डिस्क मिळाली, तरी आतली डिस्क यांच्यापैकीच एकाची असते. एसएसडीचं तसं नाही, ती बनवणाऱ्या कंपन्या जास्त आहेत.

२. "१६ टीबी एसएसडी, फक्त दीड हजारात" अशी जाहिरात दिसली की पुढे जा. आत साधं ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड असतं आणि त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतं. फाइल कॉपी होताना दिसतात, फोल्डरमध्ये नावंही दिसतात. पण खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो. पाच-सहा महिन्यांनी फोटो उघडायला जाल तेव्हा करड्या पट्ट्या दिसतील.

३. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानातून निघण्याआधीच तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा.

४. वॉरंटी ड्राइव्हची असते, डेटाची नाही. बिघडलेला ड्राइव्ह बदलून मिळेल, पण आतले फोटो मिळणार नाहीत. डेटा रिकव्हरीचा खर्च कित्येकदा नव्या ड्राइव्हच्या कितीतरी पट होतो आणि यशाची खात्री कुणीच देत नाही.

५. जुना लॅपटॉप मोडून काढलेली डिस्क कव्हरमध्ये घालून मिळते. स्वस्त असते, पण तिचं किती आयुष्य उरलंय हे तुम्हाला माहीत नसतं. बॅकअपसाठी नको.

पहिल्यांदा जोडल्यावर

ड्राइव्ह डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. यूएसबी ३.० चा पोर्ट बहुतेक वेळा आतून निळा असतो. काळ्या, जुन्या पोर्टला लावलात तरी चालेल, पण वेग तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

मग ड्राइव्हचा फॉरमॅट बघा: राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "फाइल सिस्टिम".

- फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस.
- विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लावायचा असेल तर एक्सफॅट.
- फॅट३२ असेल तर बदला. यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाचं शूटिंग एका फाइलमध्ये केलं असेल, तर ती कॉपीच होणार नाही.

फॉरमॅट बदलताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून हे काम ड्राइव्ह रिकामा असतानाच, पहिल्याच दिवशी करा. कुठला ड्राइव्ह निवडलाय हे दोनदा वाचा आणि मगच "स्टार्ट" दाबा.

त्यानंतर दोन तपासण्या करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे "गुड" हवं. "कॉशन" आलं तर ड्राइव्ह परत करा. दुसरी तपासणी एचटू-टेस्ट-डब्ल्यूची. ही पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचते, त्यामुळे खोट्या क्षमतेचा ड्राइव्ह पकडला जातो. १ टीबीला बरेच तास लागतात, पण बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत हे करणं फायद्याचं.

विंडोजमध्ये बॅकअप सेट करणं

विंडोजमध्येच "फाइल हिस्टरी" नावाची सोय आहे. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

१. ड्राइव्ह जोडा. "कंट्रोल पॅनल" उघडा, "सिस्टिम अँड सिक्युरिटी" मध्ये जा आणि "फाइल हिस्टरी" वर क्लिक करा.

२. तुमचा ड्राइव्ह दिसला की "टर्न ऑन" करा.

३. "अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज" मध्ये किती वेळाने प्रत घ्यायची ते ठरवा. मुळात ते तासाला असतं. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या, तिथे "अंटिल स्पेस इज नीडेड" निवडा. जागा कमी पडली की सगळ्यात जुनी आवृत्ती आपोआप जाईल.

४. "रन नाऊ" दाबा. पहिली प्रत पूर्ण होईपर्यंत थांबा. डेस्कटॉप यूपीएसवर नसेल तर हे काम वादळी हवेत करू नका.

इथे एक मोठा अडथळा आहे आणि आपल्याकडे तो घरोघरी असतो. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा ठरावीक फोल्डरांचाच बॅकअप घेते. डी ड्राइव्हमध्ये "फोटो २०१९", "ताईचं लग्न" असे फोल्डर केले असतील तर ते ती घेत नाही, आणि तसं सांगतही नाही. उपाय असा: त्या फोल्डरवर राइट क्लिक करा, विंडोज ११ असेल तर "शो मोअर ऑप्शन्स" घ्या, मग "इन्क्लूड इन लायब्ररी" मधून पिक्चर्स किंवा डॉक्युमेंट्स निवडा. आता तो फोल्डर बॅकअपमध्ये येईल.

विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये "विंडोज बॅकअप" असंही दिसतं. ते वेगळं आहे. ते तुमच्या फाइल वनड्राइव्हवर चढवतं, जिथे फुकट जागा ५ जीबीच आहे.

मॅक असेल तर काम आणखी सोपं. २००७ पासून मॅकमध्ये "टाइम मशीन" आहे. ड्राइव्ह जोडा, सिस्टिम सेटिंगमध्ये टाइम मशीन उघडा, ड्राइव्ह निवडा, झालं. उबुंटू वापरणाऱ्यांसाठी "डेजा डुप" हे साधं सॉफ्टवेअर आहे.

फोनमधला डेटाही याच साखळीत आणा

महिन्यातून एकदा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा. फोनवर नोटिफिकेशन येईल, त्यात "फाइल ट्रान्सफर" निवडा. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो तिथे नसतात. ते अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर असे आत आत असतात. दोन्ही कॉपी करा. कट करू नका. बॅकअप ड्राइव्हवर प्रत पोचल्याची खात्री झाली, दोन-चार फोटो उघडून बघितले, की मगच फोनमधून डिलीट करा.

ताडोबात सफारीला जाऊन आलेल्यांनी हे काम त्याच रात्री करावं. वाघ दिसल्याचा व्हिडिओ दुसऱ्यांदा काढता येईलच असं नाही.

फोटोंपेक्षा महत्त्वाचं: कागदपत्रं

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कित्येक घरांचं भविष्य जुन्या कागदांवर उभं आहे. अनुसूचित जमातीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी १९५० पूर्वीचे पुरावे लागतात: आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारिज उतारा, जुने महसुली कागद. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याखाली इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करू लागल्या. ठराव, हिशेब, मजुरीच्या याद्या, नकाशे हे सगळं कुठल्यातरी एका कॉम्प्युटरवर असतं, आणि तो बहुतेक वेळा गावातल्या शिकलेल्या पोराच्या घरी असतो. तो पोरगा तुम्ही असाल, तर तुमच्या बॅकअपवर फक्त तुमचं घर अवलंबून नाही.

म्हणून हे करा:

- प्रत्येक जुना कागद उजेडात सरळ धरून स्कॅन करा. मागची बाजूही घ्या, शिक्का आणि नोंदीचा नंबर तिथे असू शकतो.
- फाइलला नाव नीट द्या. "आयएमजी ००३४" नको. "आजोबा-दाखलखारिज-शाळेचं नाव-नोंद क्रमांक" असं द्या.
- स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, तो कार्यालयात मूळ म्हणून चालत नाही. पण मूळ कागद पुरात गेला किंवा वाळवीने खाल्ला, तर प्रमाणित प्रत कुठल्या शाळेत, कुठल्या रजिस्टरमधून, कुठल्या नोंदीने मागायची हे स्कॅन सांगतो. ती माहिती नसेल तर वर्षं जातात.
- डिजिलॉकरमध्ये शासनाकडून थेट आलेली कागदपत्रं मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. तुम्ही स्वतः अपलोड केलेला फोटो मात्र फक्त फोटोच असतो.

ही सगळी कागदपत्रं मिळून एखाद-दोन जीबीत बसतात. ड्राइव्हवर तर ठेवाच, क्लाउडवरही ठेवा.

पासवर्ड लावायचा का?

आधार, पॅन, बँक पासबुक ड्राइव्हवर असेल तर लावा. ड्राइव्ह एसटीत विसरला तर सापडणाऱ्याला ते दिसू नये. विंडोजच्या प्रो आवृत्तीत "बिटलॉकर टू गो" आहे. होम आवृत्तीत असा ड्राइव्ह उघडता येतो, पण नव्याने लॉक करता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. मॅकमध्ये टाइम मशीन सेट करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय येतो.

पासवर्ड हरवला तर डेटा कुणीही उघडून देऊ शकत नाही. म्हणून पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा, आणि घरात आणखी एकाला ते कुठे आहेत हे माहीत असू द्या.

ड्राइव्ह कसा जपायचा?

- बॅकअप झाला की "इजेक्ट" करा आणि ड्राइव्ह काढून ठेवा. कायम जोडलेला ठेवू नका. वीज पडून व्होल्टेज चढलं तर कॉम्प्युटरसोबत तोही जाईल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं. असा व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलही लॉक करतो. काढून ठेवलेल्या ड्राइव्हपर्यंत तो पोचू शकत नाही.
- उन्हाळ्यात बॅकअप पहाटे किंवा रात्री उशिरा घ्या. ड्राइव्ह उशीवर, गादीवर ठेवून चालवू नका, गरम हवा निघायला जागा हवी.
- कूलरच्या झोतात ठेवू नका. कूलरची हवा थंड असते, पण ओली असते. ओलावा आणि धूळ दोन्ही कनेक्टर खराब करतात.
- ड्राइव्ह बाइकच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये ठेवू नका.
- पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. डबा जमिनीवर किंवा खालच्या कप्प्यात नको, फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.
- दुसरा ड्राइव्ह घेणं जमत असेल तर तो घराबाहेर ठेवा. नदीकाठी राहत असाल तर उंचावरच्या वस्तीत किंवा दुसऱ्या गावच्या मामाकडे. दिवाळी आणि होळीला जाणं होतंच, तेव्हा दोन्ही ड्राइव्हची अदलाबदल करा. एकाच पुरात दोन्ही प्रती जाऊ नयेत, एवढाच हेतू.

परत आणून बघितला नाही तो बॅकअप नाही

हे माझ्या व्यवसायातलं सगळ्यात महागडं शहाणपण आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या, आणि गरज पडली तेव्हा कळलं की एकही नीट चालत नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने काढलेली एक प्रत होती, तिच्यावर भागलं. त्याआधी १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत "टॉय स्टोरी २" च्या फाइल चुकून डिलीट झाल्या. बॅकअप नीट होतच नव्हता हे तेव्हा कळलं. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, म्हणून काम वाचलं. मोठमोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर आपण तपासायलाच हवं.

दर तीन महिन्यांनी पाच मिनिटं काढा. ड्राइव्ह जोडा. एक जुना फोटो, एक व्हिडिओ आणि एक कागद बॅकअपमधून कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा. फाइल हिस्टरीमध्ये यासाठी "रिस्टोअर पर्सनल फाइल्स" असा पर्याय आहे. उघडलं तर बॅकअप आहे. नाही उघडलं तर आज कळलं, हे बरंच झालं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फोनला थेट ड्राइव्ह जोडता येतो का?* टाइप-सी किंवा ओटीजी केबलने येतो. पण हार्ड डिस्कला लागणारी वीज प्रत्येक फोन देऊ शकत नाही. एसएसडी बहुतेक वेळा चालते.

*ड्राइव्ह किती वर्षं वापरायचा?* पाच वर्षांनी नवा घ्या आणि जुना दुसरी प्रत म्हणून ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फो "कॉशन" दाखवू लागला, तर पाच वर्षांची वाट बघू नका.

*ड्राइव्हमधून टक-टक आवाज येतोय?* लगेच बंद करा. परत परत लावून बघू नका, फ्रीजमध्ये ठेवण्याचे जुगाड करू नका. दुसरी प्रत असेल तर काहीच अडत नाही. नसेल तर रिकव्हरीवाल्याकडे न्या.

*एकाच ड्राइव्हवर सिनेमेही ठेवू का?* ठेवू नका. सिनेमाचा ड्राइव्ह मित्रांकडे फिरतो आणि व्हायरस घेऊन परत येतो. बॅकअपचा ड्राइव्ह घराबाहेर फक्त ठरलेल्या जागीच जायला हवा.

*विंडोज १० आहे, चालेल का?* फाइल हिस्टरी चालते. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवं विंडोज टाकायचं ठरवलंत, तर आधी बॅकअप घ्या, तो तपासा, मग सीडी किंवा पेनड्राइव्ह लावा.

पैसे जमायला वेळ लागणार असेल तर आजच एवढं करा: घरातले सगळे जुने कागद स्कॅन करा, नीट नावं द्या आणि एका क्लाउड खात्यावर चढवा. फोटोंसाठी ड्राइव्ह पुढच्या महिन्यात घेता येईल. आणि घेतलात की पहिली प्रत मृग लागायच्या आत पूर्ण करून ठेवा.